आपल्या बँकेच्या डिस्कपर्यंत कुणाकुणाचा हात पोचतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सहकारी बँकांच्या सायबर सुरक्षेविषयी आपल्या दैनिकात जे काही येते ते मी आवर्जून वाचते. ओटीपी, फिशिंग, बनावट ॲप, फायरवॉल यांवर पुष्कळ छापून येते आणि ते यायलाच हवे. पण ज्या यंत्रांवर मी रोज काम करते त्यांच्याबद्दल एक ओळही वाचल्याचे मला आठवत नाही. ही यंत्रे म्हणजे स्टोरेज नेटवर्कचे स्विच. सामान्य ठेवीदाराला ती कधी दिसणार नाहीत, तरीही त्याच्या पासबुकातला प्रत्येक आकडा त्यांच्यातूनच जातो. पत्र थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमस्व. विषय अर्धवट सांगितला तर गैरसमजच जास्त होतील.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत डेटा सेंटरच्या ज्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यांपैकी एकीत मी स्टोरेज विभागात बरीच वर्षे नोकरी करते. माझे वडील एसटीतून निवृत्त झाले. त्यांची ग्रॅच्युइटी आणि फंडाचे पैसे आमच्या तालुक्याच्या नागरी सहकारी बँकेत मुदत ठेवीत आहेत. गावात शाखा आहे, मॅनेजर ओळखीचा आहे, व्याज थोडे जास्त मिळते. महाराष्ट्रातल्या लाखो घरांची हीच गोष्ट आहे. देशातल्या नागरी सहकारी बँकांपैकी सर्वांत जास्त आपल्याच राज्यात आहेत. यांतल्या कितीतरी लहान बँकांकडे स्वतःचे डेटा सेंटर नाही, आणि ते परवडणारही नाही. त्या एखाद्या सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडे महिन्याचे पैसे भरतात. ती कंपनी अनेक बँकांचे कोअर बँकिंग, म्हणजे खाती आणि व्यवहार सांभाळणारी मुख्य प्रणाली, एकाच छताखाली, बहुधा एकाच स्टोरेजवर चालवते. एकट्या बँकेला न झेपणारी चांगली यंत्रणा त्यामुळे तिला मिळते, म्हणून या व्यवस्थेला माझा विरोध नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की त्या सामायिक यंत्रणेत एका बँकेच्या डिस्कपर्यंत कुणाकुणाचा हात पोचतो, आणि ते कुणी कागदावर मांडले आहे का?

बँकेचा डेटाबेस ज्या सर्व्हरवर चालतो, त्या सर्व्हरच्या पोटात सहसा डेटा नसतो. डेटा असतो दुसऱ्या रॅकमधल्या स्टोरेज ॲरेवर, म्हणजे पुष्कळ डिस्क एकत्र असलेल्या यंत्रावर. दोघांच्या मध्ये फायबर चॅनेलचे स्विच असतात, आणि एकमेकांना जोडलेल्या अशा स्विचच्या जाळ्याला आम्ही फॅब्रिक म्हणतो. एक वाट बंद पडली तर दुसरी हवी म्हणून शहाणा माणूस दोन वेगवेगळी फॅब्रिक उभारतो. (बातम्यांमध्ये ‘एटीएम स्विच’ असा उल्लेख येतो तो याहून वेगळा. तो एटीएमचे व्यवहार योग्य बँकेकडे पाठवतो.) कोणत्या सर्व्हरने स्टोरेजच्या कोणत्या पोर्टशी (केबल जोडण्याच्या जागेशी) बोलायचे हे फॅब्रिकमध्ये झोनिंग ठरवते. झोनमध्ये नाव नसेल तर सर्व्हरला डिस्क दिसत नाही. म्हणजे ज्याच्या हातात झोनिंग, त्याच्या हातात बँकेचे कामकाज.

इथेच बहुतेक जण थांबतात. ‘झोनिंग केले आहे, प्रत्येक बँक वेगळी आहे,’ असे लेखापरीक्षकाला सांगतात आणि तोही तसे लिहून घेतो. पण झोनिंगने वेगळी होतात ती यंत्रे. ते झोन बदलण्याचा अधिकार कुणाला आहे, हा प्रश्न निराळा आहे आणि माझ्या मते तोच मोठा आहे.

एक प्रसंग सांगते. कंपनीचे नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही, कारण अशी व्यवस्था मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिली आहे. अनेक बँका एकाच फॅब्रिकवर होत्या आणि सगळ्या स्विचना ‘ॲडमिन’ नावाचे एकच लॉगिन होते. शिफ्टमधल्या सगळ्यांना पासवर्ड ठाऊक. एका बँकेला नवा सर्व्हर जोडायचा होता म्हणून रात्रीची चेंज विंडो, म्हणजे बदलासाठी ठरवून दिलेली वेळ, घेतली गेली. त्या बँकेचे काम पाहणाऱ्या इंजिनिअरने झोनची जी संरचना (सगळ्या झोनची एकत्रित यादी) चालू केली, ती जुनी निघाली. फॅब्रिकमध्ये एका वेळी एकच संरचना लागू असते. नवी चालू केली की आधीची आपोआप बाजूला होते. जुन्या संरचनेत नंतर आलेल्या बँकांचे झोन नव्हतेच. हाच बदल त्याच रात्री दुसऱ्या फॅब्रिकमध्येही केला गेला, त्यामुळे राखीव वाटही गेली. ज्यांचा त्या कामाशी काडीचा संबंध नव्हता, त्या बँकांच्या सर्व्हरना क्षणात डिस्क दिसेनाशा झाल्या. योग्य संरचना परत लावायला फार वेळ लागला नाही. डेटाबेस तपासून सुरळीत व्हायला मात्र दुपार झाली. तोवर त्या बँकांच्या शाखांमध्ये पैसे काढण्याच्या स्लिपा भरून माणसे काउंटरपुढे ताटकळत होती.

नंतर अहवाल आला. त्यात कारण लिहिले होते : मानवी चूक. मला ते तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही. रात्री काम करणाऱ्या माणसाकडून कधी ना कधी चूक होणारच. एका बँकेचे काम करणाऱ्याला बाकी सगळ्या बँकांचे झोन बदलता येत होते, तो दोष व्यवस्थेचा होता. आणि लॉग उघडला तर त्यात नाव एकच : ॲडमिन. कोण, हे लॉगवरून कळायला मार्ग नाही.

यावर उपाय काल-परवा निघालेला नाही. ब्रोकेड कंपनीच्या स्विचमध्ये, त्यांच्या फॅब्रिक ओएस या कार्यप्रणालीच्या ५.२ आवृत्तीपासून, म्हणजे २००६च्या सुमारास, ‘ॲडमिन डोमेन’ नावाची सोय आली. एका प्रत्यक्ष फॅब्रिकचे कारभाराच्या दृष्टीने अनेक भाग पाडायचे. एका भागात कोणते पोर्ट, कोणती उपकरणे, कोणते स्विच हे ठरवायचे आणि प्रत्येक इंजिनिअरच्या खात्याला त्याचा भाग नेमून द्यायचा. तो लॉगिन झाला की थेट आपल्या डोमेनमध्ये उतरतो आणि त्याला तेवढेच दिसते. मुख्य म्हणजे प्रत्येक डोमेनची झोनिंगची नोंद स्वतंत्र असते. एका डोमेनमध्ये कुणी जुनी संरचना चालू केली तर नुकसान त्या डोमेनपुरतेच. वरच्या प्रसंगात ही सोय वापरली असती तर एका बँकेचा सर्व्हर अडकला असता, बाकीच्या बँकांच्या शाखा नेहमीप्रमाणे चालल्या असत्या.

डोमेन क्रमांक ० ते २५५. त्यांपैकी १ ते २५४ आपण तयार करायचे. पहिला आणि शेवटचा स्विचमध्ये मुळातच असतात आणि काढता येत नाहीत. २५५ क्रमांकातून सगळे फॅब्रिक गाळणी न लावता दिसते आणि बाकीच्या डोमेनची मांडणी तिथूनच होते. त्याला स्वतःची झोनिंग नोंद नसते. शून्य क्रमांकाचे काम वेगळे आहे. जे पोर्ट किंवा उपकरण कुठल्याही डोमेनमध्ये घातलेले नाही, ते आपोआप शून्यात राहते. गावात कुणा एकाच्या मालकीची नसलेली गायरान जमीन असते, तसे हे फॅब्रिकचे गायरान. नवी बँक आली, नवे सर्व्हर जोडले गेले, घाईत डोमेनची नोंद राहून गेली, की ती उपकरणे शून्यात पडून राहतात. शून्यावर अधिकार असलेल्या प्रत्येकाला ती दिसतात आणि झोनमध्ये ओढता येतात. डोमेन नीट चालतात की नाही हे पाहायचे असेल तर मी सर्वांत आधी शून्य उघडते. तिथे चालू उपकरणे सापडली तर बाकीचे कागद कितीही नेटके असोत, मला त्यांचा भरवसा वाटत नाही.

डोमेनमध्ये सदस्य दोन तऱ्हांनी नोंदता येतो आणि इथे फार गफलत होते. एक तऱ्हा उपकरणाच्या डब्ल्यूडब्ल्यूएनने, म्हणजे त्याच्या चौसष्ट बिटांच्या कायम ओळखक्रमांकाने. केबल कुठेही हलवा, उपकरणाची ओळख त्याच्याबरोबर जाते. अशा नोंदीने ते उपकरण पाहण्याचा आणि झोनमध्ये घेण्याचा अधिकार मिळतो, पण ज्या पोर्टला ते लागले आहे तो पोर्ट बंद-चालू करण्याचा मिळत नाही. दुसरी तऱ्हा स्विचचा डोमेन आयडी (हा स्विचचा फॅब्रिकमधला क्रमांक, ॲडमिन डोमेनचा नव्हे) आणि पोर्ट क्रमांक या जोडीने. यात पोर्टवरही ताबा येतो. पण उद्या त्या पोर्टवरची केबल काढून कुणी दुसऱ्या बँकेचा सर्व्हर लावला, तर तो सर्व्हर न बोलता पहिल्या बँकेच्या डोमेनमध्ये जातो. आणि एखादा स्विचच डोमेनचा सदस्य केला तर त्या स्विचच्या कारभाराचा अधिकार त्या डोमेनच्या माणसाला मिळतो. सामायिक स्विच असा एका बँकेच्या हातात देणे चूकच आहे. ‘काम अडू नये’ म्हणून तसे केलेले मी पाहिले आहे.

स्टोरेज ॲरेचे पोर्ट महाग असतात, म्हणून एकच पोर्ट दोन-तीन बँकांत वाटून वापरतात. ॲडमिन डोमेनमध्ये एक उपकरण अनेक डोमेनचे सदस्य होऊ शकते, त्यामुळे स्विच हे मान्य करतो. त्या पोर्टच्या पलीकडे कोणती लन (ॲरेवरच्या जागेचा वेगळा काढलेला भाग) कोणत्या सर्व्हरला दाखवायची हे ॲरेवर ठरते आणि तिथले लॉगिन पुन्हा वेगळे असते. स्विचवर डोमेन आणि ॲरेवर सगळ्यांचे एकच खाते असेल, तर स्विचवर केलेली मेहनत अर्ध्यावरच फुकट गेली.

आणखी एक अट आहे. डोमेन करण्याआधी ‘डिफॉल्ट झोन’ बंद असावा लागतो. झोनमध्ये नसलेली उपकरणे एकमेकांना दिसू नयेत, असा त्याचा अर्थ. ही अट घालणाऱ्यांनी फार शहाणपणा दाखवला असे मला वाटते. डोमेन वापरा की वापरू नका, बँकेच्या फॅब्रिकमध्ये हे असायलाच हवे.

मग अडचण कुठे आहे? ॲडमिन डोमेन ही जुनी सोय झाली आहे. तिने कारभार वेगळा होतो, पण खाली फॅब्रिक एकच राहते. कोणते उपकरण कुठे आहे हे सांगणारी नाव-नोंदीची सेवा एक, स्विचचे डोमेन आयडी तेच. पुढच्या दोन-तीन वर्षांतच ब्रोकेडने ६.२ आवृत्तीत ‘व्हर्च्युअल फॅब्रिक’ आणले. यात एका स्विचचे अनेक तार्किक स्विच होतात, प्रत्येकाला स्वतःचा डोमेन आयडी आणि स्वतःच्या सेवा मिळतात. सिस्कोच्या एमडीएस स्विचमध्ये हीच कल्पना व्हीसॅन या नावाने त्याआधीपासून होती. ब्रोकेडवर ॲडमिन डोमेन आणि व्हर्च्युअल फॅब्रिक एकाच वेळी चालत नाहीत, एक निवडावे लागते. २०१७मध्ये ब्रॉडकॉमने ब्रोकेड विकत घेतली. आजच्या फॅब्रिक ओएसमध्ये ॲडमिन डोमेन उरलेलेच नाही.

म्हणजे ज्या कंपन्यांकडचे बँकांचे विभाजन अजून ॲडमिन डोमेनवर उभे आहे, त्या जुन्या स्विचवर आणि जुन्या आवृत्तीवर अडकून आहेत. पुढे जायचे तर आधी प्रत्येक डोमेनमधले झोन शून्यात आणायचे, तिथे चालू करायचे, मग डोमेन मोडायचे. सेवा न थांबवता हे करता येते, पण काम नाजूक आहे. दोन बँकांनी आपापल्या डोमेनमध्ये झोनला एकच नाव दिलेले असते, कारण एकाला दुसऱ्याचे दिसतच नव्हते. एकत्र आणताना ती नावे एकमेकांवर आदळतात. आधी यादी काढून नावे बदलावी लागतात. आणि या स्थलांतराच्या काळात सगळ्या बँका पुन्हा एकाच डोमेनमध्ये, एकाच संरचनेखाली येतात. मला सर्वांत जास्त भीती वाटते ती या काळाची. काम कठीण म्हणून पुढे ढकलले जाते, उत्पादक कंपनीच्या आधाराबाहेर गेलेला, म्हणजे नव्या दुरुस्त्या न मिळणारा स्विच तसाच चालू राहतो. किंवा डोमेन मोडले जातात आणि त्यांच्या जागी दुसरे काहीच उभे राहत नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण कागदावर ‘अद्ययावत आवृत्ती’ अशी खूण झालेली असते.

व्हर्च्युअल फॅब्रिक किंवा व्हीसॅन घेतले म्हणजे सुटलो, असेही नाही. गायरान तिथेही आहे. ब्रोकेडमध्ये न वाटलेले पोर्ट १२८ क्रमांकाच्या मूळ तार्किक स्विचमध्ये राहतात, सिस्कोमध्ये सुरुवातीला सगळे पोर्ट व्हीसॅन १ मध्ये असतात. न वापरलेला पोर्ट बंद ठेवणे आणि मूळ भागात कुणाचेही चालू काम न ठेवणे हे माणसालाच करावे लागते. आणि सर्व भागांवर अधिकार असलेले एक खाते कोणत्याही पद्धतीत असतेच. ते कुणाकडे आहे, ते वापरताना दुसऱ्या कुणाची मंजुरी लागते का, त्याची नोंद स्विचच्या बाहेरच्या सर्व्हरवर जाते का, या तीन गोष्टी मला कुठल्याही सोयीच्या नावापेक्षा महत्त्वाच्या वाटतात.

आता नियमांकडे येते, कारण खरी तक्रार तिथे आहे. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट २०१८ आणि २०१९मध्ये घालून दिली. प्रत्येकाला गरजेपुरतेच अधिकार द्यावेत हे तत्त्व तिच्यात आहे. एप्रिल २०२३मध्ये आयटी सेवा बाहेरून घेण्याबाबत सविस्तर निर्देश निघाले आणि १ ऑक्टोबर २०२३पासून लागू झाले. एकच कंपनी अनेक बँकांना सेवा देत असेल तर त्यांची माहिती आणि मालमत्ता एकमेकांत मिसळणार नाही याची काळजी घ्या, अशी अपेक्षा त्यांत आहे. उत्तम निर्देश आहेत. पण नागरी बँकांपैकी ते लागू केले गेले टिअर ३ आणि टिअर ४च्या बँकांना, म्हणजे ढोबळमानाने एक हजार कोटींवर ठेवी असणाऱ्यांना. टिअर १ आणि २ त्यांतून वगळल्या. स्वतःचे डेटा सेंटर नसल्याने सामायिक यंत्रणेवर येणाऱ्या बँका बहुधा याच. ज्यांना या संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, त्याच बाहेर राहिल्या. लहान बँकांवर कागदपत्रांचे ओझे नको, हा हेतू मी समजू शकते. मग ते ओझे सेवा देणाऱ्या कंपनीवर टाका. तिच्याकडे माणसेही आहेत आणि यंत्रणाही. आपल्या गावोगावच्या पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच येत नाहीत, त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत. त्यांची सॉफ्टवेअरही आता अशीच भाड्याने चालतात.

३१ जुलै २०२४ रोजी देशातली पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या एनपीसीआयने, लहान बँकांना यंत्रणा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीला रॅन्समवेअरच्या (खंडणीसाठी डेटा अडकवणाऱ्या) हल्ल्यानंतर किरकोळ पेमेंट व्यवस्थेपासून तात्पुरते तोडले, तेव्हा देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांना फटका बसल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. त्या घटनेचा स्टोरेज स्विचशी संबंध होता असे मी म्हणत नाही. किती बँका एकाच कंपनीच्या यंत्रणेवर उभ्या आहेत, हे मात्र त्या दिवशी सर्वांना कळले.

म्हणून माझी मागणी अशी. रिझर्व्ह बँकेने टिअर १ आणि २च्या बँकांना सेवा देणाऱ्या कंपन्यांवर, आणि सहकार आयुक्तालयाने पतसंस्थांना सेवा देणाऱ्यांवर, एका कागदाची सक्ती करावी. आमच्या बँकेच्या डिस्क ज्या स्विचवर आणि ॲरेवर आहेत, तिथे किती खात्यांना बदलाचा अधिकार आहे? त्यांपैकी सामायिक खाती किती? आमचा भाग ॲडमिन डोमेनने, व्हर्च्युअल फॅब्रिकने की व्हीसॅनने वेगळा केला आहे, की नुसत्या झोनिंगने? स्विचच्या आवृत्तीला उत्पादक कंपनीचा आधार कधीपर्यंत आहे? एका पानात याचे उत्तर लिहिता येते. ज्याला ते एका पानात लिहिता येत नाही, त्याच्याकडे उत्तर नाही असे खुशाल समजावे.

संचालक मंडळांनी यासाठी नियमाची वाट पाहू नये. करार त्यांचा आहे, विचारण्याचा हक्कही त्यांचा आहे. सभासदांनी तर मुळीच थांबू नये. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर होतात. लाभांशावर तासभर चर्चा चालते, त्यातली पाच मिनिटे या प्रश्नाला द्यावीत. माझ्या वडिलांनी यंदा तो लेखी स्वरूपात बँकेकडे द्यायचे ठरवले आहे. मी त्यांना मजकूर लिहून दिला आहे.

आपल्याला एक विनंती आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बँकांच्या सभांच्या नोटिसा आपल्या अंकात पानभर येतात. त्याच दिवसांत वर दिलेले प्रश्न चौकटीत छापावेत, म्हणजे ज्याला हवे त्याला ते कापून सभेला नेता येतील. कोणत्या शब्दांत विचारावे याबद्दल कुणा वाचकाला मदत हवी असल्यास आपल्यामार्फत पत्र आले तर मी उत्तर देईन. नोकरी चालू असल्याने माझे नाव कृपया छापू नये.

आपली,
एक वाचक, ऐरोली